रेघ राखून

वेरूळच्या दहाव्या लेण्यात आजोबांनी मला पहिल्यांदा नेलं, ते देव दाखवायला. आम्ही सुतार. या लेण्याला आमच्याकडे 'सुतार झोपडी' म्हणतात आणि आत स्तूपापुढे पाय खाली सोडून बसलेल्या बुद्धाला विश्वकर्मा. वर कमानदार छताला दगडाच्या फासळ्या आहेत, हुबेहूब लाकडी वाशांसारख्या. आजोबा आधी त्या फासळ्यांकडे पाहत राहिले, मग मूर्तीच्या हातांकडे बोट दाखवून म्हणाले, "बघ, देवाला पटाशी लागली. बोट धरून बसलाय."

ती उपदेशाची मुद्रा आहे, हे पुढे पुस्तकात वाचलं. पटलंही. तरी आजही त्या मूर्तीपुढे उभा राहिलो की मला आधी जखम दिसते. कारागिरांच्या देवालासुद्धा हत्यार लागतं, आणि लागलं म्हणून तो उठून जात नाही, एवढं त्या वयात मला पुरेसं होतं.

जुन्या शहरात एका बोळात आमचं दुकान होतं. मी पहिली चौकट केली तेव्हा सागवानावर पेन्सिलीने रेघ मारली आणि बरोबर रेघेवर करवत चालवली. चौकट दोन सूत कमी भरली. आजोबा रागावले नाहीत. त्यांनी करवतीचे दात माझ्यापुढे धरले आणि म्हणाले, "ही पण थोडं खाते. रेघ राखून काप, उरलं ते रंध्याने काढ." वाया गेलेल्या त्या लाकडाचा पुढे पाट झाला, पाटातून उरलेल्या तुकड्याच्या पाचरी झाल्या. लाकूड दयाळू असतं. मोठ्या कामातून बाद झालं तरी लहान कामाला येतं.

दगडाचं तसं नाही. वेरूळचंच कैलास लेणं वरून खाली कोरत आणलं. आधी कळस, मग शिखर, पाया सगळ्यात शेवटी. मागची कडा शंभर फुटांहून उंच आहे. आठव्या शतकात, मुख्यतः राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळात, हे काम झालं. आपल्या जुन्या मराठी कथेत त्याचं कारण फार गोड दिलंय. शिखर दिसल्याशिवाय जेवणार नाही असा राणीने पण केला, तेव्हा पैठणच्या कोकास नावाच्या कारागिराने शिखरापासूनच सुरुवात केली. मला मात्र त्या कोकासाची रात्रीची झोप आठवते. म्हणजे नसलेली झोप. काढलेला दगड परत चिकटत नाही. कृष्णराजाच्या वंशजाच्या, इसवी सन ८१२ च्या बडोदे ताम्रपटात म्हटलंय की हे देऊळ पाहून खुद्द ते करणारा शिल्पीच चकित झाला. हे आपल्या हातून झालं कसं आणि पुन्हा होईल का, याचा त्याला भरवसा वाटेना. मला हा मजकूर नुसती राजस्तुती वाटत नाही. जमलेलं काम आपल्यामागे पायऱ्या पुसत जातं. करणाऱ्यालाही मग ती वाट सापडत नाही.

वाट सापडते ती अपुऱ्या कामात. म्हणून गेल्या हिवाळ्यात भाचीला घेऊन मी वेरूळला न जाता अजिंठ्याला गेलो.

ती तीन वर्षं शहरातल्या एका अभ्यासिकेत बसते आहे. पूर्वपरीक्षा सुटते, मुख्य परीक्षेत थोडक्यासाठी राहते. दोनदा झालं. दुसऱ्या निकालानंतर तिने टेबलावरचे सगळे कागद गोळा करून पोत्यात भरले आणि पोतं माळ्यावर टाकलं. घरात कुणी काही बोललं नाही, तेच तिला जास्त लागलं असावं. फुलंब्री, सिल्लोड मागे पडेपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती. मीही गप्प होतो. बापाने आणि मामाने अशा वेळी काय बोलावं, हे मला अजून कळलेलं नाही.

चौथं लेणं अजिंठ्यातला सगळ्यात मोठा विहार. कोरताना दगडातच दोष निघाला. छताला जिथे थांबायचं ठरलं होतं तिथला दगड धड नव्हता. इथे लाकडासारखी पाचर मारून भागत नाही, काही जोडता येत नाही. कारागिरांनी मग छत आणखी वर, दगडात आणखी आत नेलं. दोष आला तिथेच खोल गेले. मान वर करून पाहिलं की जुन्या लाव्हाच्या प्रवाहाच्या खुणा दिसतात, आणि त्या छताखाली अठ्ठावीस खांब उभे आहेत. भाची बराच वेळ वर पाहत होती. "म्हणजे आधीची मेहनत गेलीच की," ती म्हणाली. गेली. मी तिला खोटं सांगितलं नाही.

चोविसाव्यापाशी लोक थांबत नाहीत. पुढे सव्विसाव्यात महापरिनिर्वाणाची मूर्ती आहे, सगळ्यांना ती गाठायची असते. पुरं झालं असतं तर हे चोविसावं चौथ्याच्या खालोखाल मोठं झालं असतं. पाचव्या शतकाच्या शेवटी काम थांबलं आणि तसंच राहिलं. पण लेणं कसं कोरतात हे अख्ख्या डोंगरात इथेच समजतं. कारागीर आधी दगडात लांब लांब बोळ काढत आत जायचे. दोन बोळांमध्ये दगडाच्या भिंती शिल्लक ठेवायचे. त्या मागाहून फोडायच्या. खांबाभोवतीही जादा दगड सोडलेला असतो, तो हळूहळू उतरवत आणायचा. एका घावात खांब कुणी काढला नाही. सव्विसाव्यातल्या रेखीव खांबांवर यातलं काही उरलेलं नाही.

मी हे सांगत असताना भाची एका अर्धवट खांबापुढे खाली बसली. खालून अंग तसंच राठ, वर आकार येऊ लागलेला. छिन्नीचे घाव तिरपे, एकाशेजारी एक. तिने ते बोटाने हवेतच मोजले.

"मामा," ती म्हणाली, "याने रेघ राखलीये."

बाहेर पहारेकऱ्याची शिट्टी वाजली, वेळ झाली होती. तिला उठायला आणखी थोडा वेळ लागला. परतीच्या गाडीत सिल्लोड आल्यावर तिने विचारलं, माळ्यावरचं पोतं उतरवायला शिडी आहे का घरात.