उंट कोण राखणार?

फौजेत असताना १९९३ साली माझी बदली जैसलमेरला झाली. निघताना आई पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, "तिथं प्यायला पाणी मिळंल का रे, बाबा?" आपल्या माणसांची ही काळजी जुनीच.

आमच्या चौकीपासून दोन कोसांवर वाळूत एक छोटी वस्ती होती. तिथं एक म्हातारे राईका राहत. राईका म्हणजे पिढ्यान् पिढ्या उंट राखणारी जात. मी त्यांना बाबा म्हणे, ते मला फौजीभाई. त्यांच्याकडे चाळीसेक उंट होते.

उंट मदारीत पाणी साठवतो, असं मी शाळेत ऐकलेलं. बाबा हसले. मदारीत असते चरबी, चारा मिळाला नाही की ती कामी येते. पाण्याची गोष्ट निराळी. उन्हात उंट अंगाची उष्णता वाढू देतो, म्हणून घाम थोडा जातो. आणि पाणी दिसलं की दहा-पंधरा मिनिटांत शंभरेक लिटर पिऊन घेतो. सांडणी तेरा महिने गाभण राहते आणि दोनेक वर्षांनी एक पिल्लू देते. म्हणून एकदा मोडलेला कळप लवकर उभा राहत नाही.

एके काळी उंटांच्या तांड्यांवरच जैसलमेर श्रीमंत झालं. सिंधच्या वाटेनं माल ये-जा करी. त्या पैशावर व्यापाऱ्यांनी पिवळ्या दगडाच्या हवेल्या बांधल्या. पुढे आपलं मुंबई बंदर वाढलं, माल समुद्रानं जाऊ लागला. १९४७ च्या फाळणीनं सिंधची वाटच बंद झाली. तांडे संपले, उंट राखणारे मात्र मागे राहिले.

बाबांचा नातू दहा वर्षांचा. त्याला मी वाळूवर बोटानं अक्षरं काढून दाखवी. एकदा म्हणालो, "बाबा, याला शाळेत घाला."

"मग उंट कोण राखणार?"

मी ताडकन बोललो, "आमच्या आजोबांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, तेव्हा गावानंही हेच विचारलं होतं. ते सोडलं म्हणून मी आज या वर्दीत आहे."

बाबा बराच वेळ गप्प होते. मग हळूच म्हणाले, "फौजीभाई, तुमच्या आजोबांना ते काम नको होतं. मला माझे उंट हवेत."

२०२२ साली मुलीला घेऊन पुन्हा तिकडे गेलो. बाबा राहिले नव्हते. नातू आठवीपर्यंत शिकला, आता ट्रक चालवतो. दारात एकही उंट नव्हता. माझा चेहरा पाहून तोच म्हणाला, "चाचा, शाळेनं उंट नाही नेले. चराईची जमीन गेली. ओझ्याला ट्रॅक्टर आले. कायदा झाल्यावर तर गिऱ्हाईकही येईना."

राजस्थाननं २०१४ साली उंटाला राज्यपशू केलं. २०१५ च्या कायद्यानं त्याची कत्तल बंद केली आणि राज्याबाहेर नेण्यावर बंधनं घातली. हेतू उंट वाचवण्याचा होता, पण भाव पडला आणि पाळणाऱ्याला पाळणं परवडेना. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ४ लाख उंट होते, २०१९ मध्ये अडीच लाख राहिले.

मुलांना शाळेत घाला, हे माझं सांगणं आजही बदललेलं नाही. पण जन्मानं लादलेलं काम आपण होऊन सोडणं वेगळं आणि जिवापाड जपलेलं काम हातातून काढून घेतलं जाणं वेगळं. बाबांनी हे मला तेव्हाच सांगितलं होतं. समजायला जवळजवळ तीस वर्षं लागली.