राजूरचा चढ

जालन्याहून भोकरदनच्या रस्त्यानं साधारण 25 किलोमीटर गेलं की राजूर लागतं. टेकडीवर गणपतीचं देऊळ. अंगारकीला माणसं जालन्याहून पायी येतात.

आम्ही मात्र गर्दी नसलेल्या दिवशी जातो, दोन वर्षांच्या लेकाला घेऊन. चार पावलं चढला की तो उकिडवा बसतो. बायका कौतुकानं म्हणतात, "बघा, देवाला नमस्कार करतोय!" पण त्याच्या हृदयात जन्मतःच दोष आहे. डॉक्टर त्याला 'फॅलो' म्हणतात. उकिडवं बसलं की फुप्फुसांकडे जास्त रक्त जातं अन् जिवाला बरं वाटतं. हे त्याला कुणी शिकवलं नाही हो!

तुमच्या पाहण्यात असं बसणारं, रडताना ओठ-नखं निळी पडणारं मूल असेल, तर त्याला आळशी म्हणू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासतं. पण निळेपणा दिसला तर पथकाची वाट न पाहता थेट जिल्हा रुग्णालय गाठा. नवी मुंबईत खारघरला श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया मोफत होते.

सासूबाईंनी राजूरला नवस बोललाय. बोलू द्या! मुंबईच्या गाडीचं तिकीटही आम्ही त्याच दिवशी काढलं.