वडील आणि पाळक

मराठी पवित्र शास्त्रात मंडळीच्या कारभाऱ्यांना ‘वडील’ म्हटले आहे. मी इंदूरला स्थायिक झालो तेव्हा इथल्या हिंदी मंडळीत त्याच पदाला ‘प्राचीन’ म्हणतात हे ऐकून मला हसू आले होते. प्राचीन असावे ते एखादे देऊळ, फार तर नाणे. माणसाला प्राचीन कसे म्हणावे? आमच्या मराठी शब्दाची अडचण निराळी. माझे वडील कोल्हापूरकडच्या एका लहानशा मंडळीचे वडील होते, आणि या दोन अर्थांतला भेद मला बरीच वर्षे उमगला नव्हता. आठवडाभर घरात ज्यांचा दरारा असे, तेच प्रभुभोजनाच्या रविवारी भाकरीचे तबक हाती घेऊन सतरंजीवर बसलेल्या ओळींमधून हलक्या पावलांनी फिरत.

या पदाचे मूळ फार जुने आहे. पौलाने मिलेत येथे इफिसच्या मंडळीचे वडील बोलावून घेतले. पुढे त्याच भाषणात त्यांना त्याने अध्यक्ष म्हटले आणि कळपाचे पालन करावयास सांगितले. वडील, अध्यक्ष, पाळक या तीन निराळ्या पायऱ्या तेव्हा नव्हत्या. माणसे तीच होती. दुसऱ्या शतकापासून एकच बिशप वर आणि वडील त्याच्या हाताखाली अशी उतरंड दिसू लागली. तथापि बिशप आणि वडील मुळात एकच, याची आठवण चौथ्या शतकात जेरोमने करून दिली होती. इंग्रजीतला ‘प्रीस्ट’ हा शब्दही ग्रीक ‘प्रेस्बुतेरॉस’ झिजूनच झाला आहे. म्हणजे वडिलांचाच पुरोहित झाला!

कॅल्विनने १५४१ मध्ये जिनिव्हाच्या मंडळीसाठी नियम केले, त्यांत पाळकांच्या जोडीला बारा वडील बसविले. ते नगराच्या सभांमधून निवडलेले गृहस्थ होते. दर गुरुवारी पाळकांसह त्यांची बैठक भरे आणि नगरातल्या लोकांच्या वर्तनाची चौकशी होई. या चौकशीत जाच पुष्कळ होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण उपदेश करणाऱ्याच्या शेजारी, उपदेशावर पोट नसलेला माणूस बरोबरीने बसविणे ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. हीच रीत स्कॉटलंडमार्गे अमेरिकेस व कॅनडास गेली. कोल्हापूरकडे ती अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने आणली आणि इंदुरास १८७७ पासून कॅनेडियन मिशनने. पाळक अध्यक्ष, वडील सभासद, आणि त्या बैठकीचे नाव ‘सेशन’.

१९६० च्या सुमारास आमच्याकडे एक तरुण पाळक आले. नाताळापूर्वी सभासदांची यादी तपासताना त्यांना एक नाव खटकले. तो मनुष्य वर्षभर उपासनेस फिरकला नव्हता. शिवाय त्याने मुलीचे लग्न मंडळीबाहेर, जुन्या रीतीने लावून दिले होते. नाव कमी करावे, असे पाळकांचे म्हणणे. नियमाने ते बरोबरच होते. वडील म्हणाले, “पाळकसाहेब, नाव काढायचे तर काढू. पण त्याच्या उंबऱ्यावर बसून काढू.”

कंदील धरायला मला बरोबर नेले होते. शेतातून दोन कोस चालून गेलो. मुलीच्या सासऱ्याने त्या माणसाचे कर्ज फेडले होते आणि त्या लाजेने तो मंडळीला तोंड दाखवीत नव्हता, हे वडिलांना ठाऊक असावे. पण तिथे गेल्यावर ते एक शब्द बोलले नाहीत. पाळकांनीच विचारले, पाळकांनीच ऐकले, आणि अखेर त्यांनी जी प्रार्थना केली तशी करणे माझ्या वडिलांना कधीच साधले नसते. नाव राहिले. सहा महिने मात्र त्या माणसाला प्रभुभोजन दिले गेले नाही. तो मागे भिंतीला टेकून बसे.

याच सेशनची दुसरीही एक आठवण आहे. काही वर्षांनी आलेल्या पाळकांनी व्याजबट्ट्यावर एक उपदेश केला, आणि तो एका वडिलांच्या मेहुण्याला लागला. पाळकाला काढून टाकणे सेशनच्या हाती नव्हते. तो अधिकार वरच्या प्रेस्बिटेरीचा. पण वर्गणीची पेटी सेशनच्या हाती होती. चार महिने पाळकांचा पगार ‘जमा नाही’ म्हणून थकला. त्यांच्या पत्नी लोकांचे शिवणकाम घेऊ लागल्या आणि पावसाळ्यापूर्वी ते कुटुंब एस.टी.त सामान चढवून निघून गेले. त्या ठरावाच्या वेळी माझ्या वडिलांनी हात वर केला होता की नाही, हे त्यांनी मला कधी सांगितले नाही. मीही विचारले नाही.

१९७० मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि तीत सामील झालेल्या मंडळ्यांना बिशप मिळाले. या चर्चमध्ये दीक्षित पाळकालाच ‘प्रेस्बिटर’, म्हणजे शब्दशः ‘वडील’, म्हणतात. मूळचे वडील आता कमिटीचे निवडून आलेले सभासद. निवडणुकीत दोन पक्ष पडतात, आणि चर्चा बहुधा भिंतीच्या रंगाची नि जागेच्या भाड्याची. पाळक बदलून जातात, कमिटीही बदलते. मग कोणाच्या घरात काय दुखते आहे, हे ठाऊक असणारा राहतो कोण?

पुरुषांनीच ते ठाऊक करून घ्यावे असे नाही. अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन मंडळीने १९३० मध्ये, तर स्कॉटलंडच्या मंडळीने १९६६ मध्ये स्त्रियांना हे पद दिले. आमच्या भाषेलाही त्याचे वावडे नसावे. ‘वडील बहीण’ आपण म्हणतोच की.

आमच्या इथे सत्तरी ओलांडलेल्या एक बाई आहेत. त्या कमिटीवर नाहीत, कधी नव्हत्याही. मागल्या पावसाळ्यात नवे पाळक येऊन आठच दिवस झाले होते, तेव्हा त्यांना घेऊन त्या सोळा घरे हिंडल्या. कोणाकडे चहाला नाही म्हणायचे नाही आणि कोणाकडे थोरल्या मुलाचा विषय काढायचा नाही, हे त्या जिना चढतानाच, दम खात खात, सांगत होत्या.