बोटीवर पाणी कधी येतं?

मराठवाड्याला समुद्र नाही, याचं आम्हांला फारसं दुःख कधी झालं नाही. नांदेडला गोदावरी आहे आणि लातूरला ती नाही, एवढ्या समाधानावर आम्ही नांदेडकर आयुष्य काढू शकतो. माझी सासुरवाडी लातूरची. विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, हा वाद बाहेर २००९ साली पेटला. आमच्या घरात तो लग्नापासून चालू आहे. त्यामुळे सासूबाईंच्या पंच्याहत्तरीला सगळ्यांनी क्रूझला जायचं, अशी टूम मेव्हण्यानं काढली तेव्हा बोट कोणती हा प्रश्न नंतरचा होता. मुंबईला जायचं ते नांदेडच्या गाडीनं की लातूरच्या, यातच दोन रविवार गेले. शेवटी मतदान झालं. सौ.चं मत आमच्याकडे दोन धरतात. लातूर एक्स्प्रेस ठरली.

मग बोट. स्थळं बघावीत तशा बोटी बघायच्या, पण इथं स्थळंच फार नव्हती. वास्तविक मुंबईहून गोव्याला बोटीनं जाणं ही जुनी गोष्ट. कोकणी माणसं पिढ्यान्‌पिढ्या ट्रंका घेऊन बोटीत चढली, ओकली आणि आपापल्या बंदरात उतरली. त्याला क्रूझ म्हणायचं कुणाला सुचलं नाही. २०१८ साली ‘आंग्रिया’ सुरू झाली. नाव कान्होजींचं, पण पुढे तिच्या फेऱ्या थांबल्या. उरली कॉर्डेलियाची ‘एम्प्रेस’. मेव्हण्यानं तिची पत्रिका वाचून दाखवली : जन्म १९९०, मूळ नाव ‘नॉर्डिक एम्प्रेस’, आधी परदेशात, २०२१ पासून मुंबईत.

“नाव बदललंय म्हणजे लग्न झालेली दिसायलीय,” मामा म्हणाले.

“तीच ना ती, छापा पडला म्हणून टीव्हीवर महिनाभर दाखवत होते?” मावशींनी विचारलं. तीच, असं कळल्यावर तोवर पेंगत असलेल्या मावशी सावरून बसल्या.

खोल्यांचे प्रकार ऐकून मात्र मी थक्क झालो. स्वस्तातल्या खोलीला खिडकीच नाही. म्हणजे समुद्र बघायला समुद्रात जायचं आणि तो दिसावा म्हणून वेगळे पैसे भरायचे! जायचं कुठं, यावरही एकमत होईना. एक सफर नुसती भर समुद्रात जाऊन परत येणारी. “कुठंच न जाता परत यायचं, तर मग नांदेड काय वाईट?” सासरे म्हणाले. (हे ते माझ्याकडे बघून म्हणाले.) गोवा एस.टी.नं झालेला होता. लक्षद्वीपला परवाना लागतो; शिवाय अगत्तीला मोठी बोट लांब उभी राहते आणि छोट्या होडीतून किनाऱ्यावर उतरावं लागतं. सासूबाईंचे गुडघे धरून सगळ्यांनी लक्षद्वीप बाद केलं.

सासूबाई इतका वेळ मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. “जावईबापू, त्या बोटीवर पाणी कितव्या दिवशी येतंय?”

मुलं फिस्सकन हसली. मोठं कुणी हसलं नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे साडेतीनशे किलोमीटरवरून पाणी घेऊन लातूरला आली, तेव्हा या घरात अंघोळ परातीत बसून व्हायची. परातीतलं पाणी फरशीला, फरशीचं संडासाला. भांडी राखेनं घासून पुसून ठेवायची. त्या उन्हाळ्यात मी आंब्याच्या पेटीऐवजी दोन कॅन पाणी घेऊन सासुरवाडीला गेलो होतो. इतकं स्वागत माझं लग्नातही झालं नव्हतं.

मी सांगितलं, बोटीवर पाणी रोज येतं. चोवीस तास, गरमसुद्धा. समुद्राचंच खारं पाणी यंत्रात गोडं करतात. आणि बोटीचं कशाला, लक्षद्वीपला कवरत्ती बेटावर २००५ पासून असा कारखाना आहे. वरचं कोमट पाणी कमी दाबाखाली घेऊन त्याची वाफ करायची आणि समुद्राच्या खोलातलं गार पाणी वर ओढून ती निववायची. दिवसाला एक लाख लिटर, तेही पिण्याचं. अगत्तीलाही २०११ मध्ये तसाच कारखाना झाला.

सासूबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. “आपली पहिली रेल्वे किती लिटरची होती?”

“पाच लाख,” मेव्हणा म्हणाला. दहा वाघिणी. लातूरच्या माणसाला हे आकडे विचारावे लागत नाहीत.

“म्हणजे पाच दिवसांत एक रेल्वे.” हिशेब त्यांनी बोटांवर केला. “मग आपल्याकडं काहून नाही करत?”

“समुद्र लांब आहे,” मी म्हणालो. त्यावर कुणीच काही बोललं नाही. मामांनी पंखा थोडा वाढवला.

“तिथंच जाऊ,” सासूबाई म्हणाल्या. “गुडघ्याचं माझं मी बघते.”

लक्षद्वीप ठरलं. पैसे भरले, खिडकीसकट. निघायच्या आदल्या दिवशी मेव्हण्यानं आईच्या बॅगेतून प्लॅस्टिकची बादली बाहेर काढली. तिथं शॉवर असतो, बादली लागत नाही, असं तो परोपरीनं समजावत होता. सासूबाईंनी ती पुन्हा आत घातली, तिच्यात लुगडी भरली आणि वर मग ठेवला.

“बादली नसली तर पाणी किती वापरलं हे कळावं कसं?”