बाटलीतली भांडणं

रात्रपाळी. फिट्ससाठी फेनिटोइन लिहिलेलं दिसलं की हात आपोआप नॉर्मल सलाइनकडे जातो. पीएच 12 च्या आसपास असल्यामुळेच ते विरघळलेलं राहतं. आम्लाकडे झुकलेल्या डेक्स्ट्रोजमध्ये घातलं की स्फटिक धरतात.

अॅम्फोटेरिसिनचं नेमकं उलट. सलाइनमध्ये त्याचा गाळ होतो, पाच टक्के डेक्स्ट्रोजच हवं. 2021 मध्ये म्युकरमायकोसिसचे रुग्ण आले, तेव्हा हे फार खटकायचं. बहुतेकांना मधुमेह, आणि औषध जाणार साखरेच्या पाण्यातून! 500 मिलीत 25 ग्रॅम ग्लुकोज. मग इन्सुलिनचा हिशेब नव्याने. "सिस्टर, शुगर असताना ग्लुकोज कसं लावलं?" नातेवाइकांचा प्रश्न रास्तच होता.

धास्ती वाटते ती सेफ्ट्रायॅक्सोन आणि रिंगर लॅक्टेटची. आरएलमधल्या कॅल्शियमशी त्याचा साका होतो. नवजात बाळांच्या फुप्फुसांत आणि मूत्रपिंडांत तो सापडल्याच्या, मृत्यूच्याही नोंदी आहेत. मोठ्यांना मधे लाइन नीट फ्लश करून एकापाठोपाठ देता येतं. कॅल्शियम चालू असलेल्या बाळाला तेही नाही.

साका दिसतो तरी. अँपिसिलिन डेक्स्ट्रोजमध्ये काही तासांत क्षीण होतं आणि बाटली नितळच राहते. इथे डोळ्यांचा काही उपयोग नाही. भिंतीवरचा तक्ता स्पिरिटच्या बोटांनी पुसट झालाय, सकाळी नवा लिहून घ्यायला हवा.