प्रभात रोडची सावली आणि माझी सही

आमच्या सोसायटीतल्या आंब्यावर परवा महापालिकेची नोटीस लागली. झाड तोडायचंय, कोणाची हरकत असेल तर कळवा. आणि गंमत बघा, रीडेव्हलपमेंटच्या संमतीपत्रावर माझीही सही आहे! आईचे गुडघे गेलेत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. काय करणार?

प्रभात रोड म्हटलं की लोकांना श्रीमंती आणि गर्द झाडी आठवते. नाव मात्र सिनेमावाल्यांचं. १९३३ मध्ये प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आली, तेव्हा एरंडवणे म्हणजे गावाबाहेर. 'संत तुकाराम' इथल्याच स्टुडिओतला. १९६० पासून तिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

पण एक लक्षात घ्या मंडळी, आमच्या गल्ल्यांतली बरीचशी सावली रस्त्याची नाहीच. ती बंगल्यांच्या आवारातून कुंपणावरून बाहेर वाकलेली. कुणाचा आंबा, कुणाचा फणस, कुणाचा बकुळ. लावला मालकानं, सावलीत उभा राहिला भाजीवाला. बंगले पाडून आमच्यासारख्या तीन मजली सोसायट्या झाल्या, तरी कडेची माती राहिली होती. आता पार्किंगसाठी कुंपणापर्यंत तळघर खणतात. मग मुळं जाणार कुठे? नंतर कुंड्यांत पाम लावतात, त्याला लँडस्केपिंग म्हणायचं!

बिल्डरला म्हटलं, तळघर आंब्यापुरतं आत घ्या. तर म्हणे, दोन गाड्यांची जागा जाते काका. मीटिंगमध्ये कुणी बोलेना. मीही पुढं रेटलं नाही.

आज हरकतीचा अर्ज लिहिलाय. उद्या देतोय. अर्जदाराचा पत्ता तोच, आमच्या सोसायटीचा.