चोर्ल्याच्या वळणावर विझलेला दिवा

बेळगावहून पणजीला जायचं तर आमच्या घरचा रस्ता ठरलेला. पिरनवाडी, किणये, जांबोटी, कणकुंबी आणि मग चोर्ला घाट. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. कणकुंबीला मलप्रभेचा उगम. तिथं थांबून हात जोडायचे, चहा घ्यायचा आणि पुढं निघायचं. घाटाच्या माथ्यावर कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र ही तिन्ही राज्यं एकमेकांना खेटून उभी आहेत. उतरताना खाली अंजुणे धरणाचं पाणी दिसू लागलं, की केरी आलं म्हणून समजावं.

या रस्त्यावर मी गेली कैक वर्षं स्वतः गाडी चालवते. लहानपणी पोलिओ झाल्यानं माझा डावा पाय अधू आहे. क्लच दाबणं मला जमत नाही. म्हणून आमच्याकडे आली ती ऑटोमॅटिक गिअरची, चारही चाकांना ओढ असलेली जुनी जपानी गाडी. १९९० च्या दशकातली, दुसऱ्या हातची. फोर व्हील ड्राइव्ह अशासाठी, की जांबोटीच्या पुढं एका वाडीत माझं माहेर. पावसाळ्यात तिथला शेवटचा दोन किलोमीटरचा रस्ता म्हणजे नुसता चिखल आणि मध्ये एक ओढा. ऐंशी ओलांडलेली आई तिथून हलायला तयार नाही, म्हणून दर रविवारी मी जाते. गाडी गेली तर माझे रविवार गेले, एवढा सरळ हिशोब.

गेल्या जुलैत मुलीला पणजीला सोडून मी एकटी परतत होते. केरी सोडून चढ लागला. तिसऱ्या की चौथ्या वळणावर इंजिन एकदम ओरडू लागलं, पण गाडी काही पुढं ओढेना. पाय सोडला, पुन्हा दाबला, तरी तेच. त्याच वेळी एक बारीकशी गोष्ट माझ्या ध्यानात आली. समोरच्या पट्टीवर ‘डी’ अक्षराखालचा दिवा विझला होता. लिव्हर तर ‘डी’वरच होता. कशीबशी माथ्यावर आले आणि गाडी बंद केली. पुन्हा सुरू करायला गेले तर ‘पी’मध्ये ती सुरूच होईना. ‘एन’मध्ये लिव्हर टाकला आणि लगेच झाली. थोडा वेळ नीट चालली, मग कणकुंबीच्या अलीकडे पुन्हा तेच. घरी पोचेपर्यंत रात्र झाली.

दुसऱ्या दिवशी शहरातल्या एका मोठ्या, काचा लावलेल्या वर्कशॉपमध्ये गेले. त्यांचं यंत्र या जुन्या गाडीशी बोलेना. एक तरुण पाच मिनिटं चक्कर मारून आला आणि म्हणाला, “मॅडम, गिअरबॉक्स गेला. नवा मिळत नाही, जुना मुंबईहून मागवावा लागेल. दीड-दोन लाख धरा. त्यापेक्षा विकून टाका.” दिवा विझल्याचं मी सांगू लागले, तर “तो वायरिंगचा वेगळा प्रॉब्लेम,” म्हणून त्यानं विषय संपवला.

घरीही विकण्याचीच बोलणी सुरू झाली. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, सुटे भाग मिळत नाहीत, हे सगळं खरंच होतं. पण शेजारच्या भाऊजींनी उद्यमबागेतल्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींचं नाव काढलं. म्हणाले, “वैनी, विकायच्या आधी एकदा दाखवून तर या.”

उद्यमबाग बेळगावकरांना नव्यानं सांगायला नको. फौंड्रीतल्या तापलेल्या वाळूचा वास, लेथची घरघर, आणि एका वाक्यात कन्नड नि मराठी दोन्ही बोलणारी माणसं. मेस्त्री मूळचे धारवाडकडचे. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. मला स्टूल दिलं आणि म्हणाले, “अक्का, पैला सांगा, काय काय झालं. गाडी पाण्यात घातलासा काय?”

घातली होती. आदल्याच रविवारी माहेरचा ओढा भरून वाहत होता, पाणी चाकाच्या तुंब्याच्या वर आलं होतं. मग दिव्याचं सांगितलं, ‘पी’ आणि ‘एन’चं सांगितलं. ते मान हलवत ऐकत राहिले. त्यांचा पोरगा पान्हा घेऊन गाडीखाली शिरत होता, त्याला म्हणाले, “मोदल नोडोणु, आम्याल बिच्चोणु.” आधी बघू, मग उघडू. पुढचे दोन तास त्यांनी या एका वाक्याप्रमाणे काम केलं.

पहिली पाहणी तेलाची. गाडी सपाट जागी, इंजिन तापलेलं आणि चालू, ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर सगळ्या जागांवरून एकदा फिरवला, मगच पट्टी काढून पांढऱ्या फडक्यावर पुसली. तेल लालसर होतं. मेस्त्रींनी मलाही हुंगायला लावलं. तेल तपकिरी-काळं असेल आणि करपल्याचा वास आला, तर आतल्या क्लचच्या चकत्या जळल्या. गुलाबी लस्सीसारखं झालं असेल, तर पाणी शिरलं. मग पेटी वाचवायला धावपळच करावी लागते. आमचं तेल या दोन्हींतलं नव्हतं. “पोट साफ हाय,” मेस्त्री म्हणाले.

मग लहान लिव्हरची चौकशी. घाटात डांबरावर चारही चाकं जोडून चालवली होती का? अशा जुन्या गाड्यांत कोरड्या डांबरावर वळताना पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात, गाडी जड होते आणि माणसं दोष गिअरबॉक्सला देतात. मी तसं केलं नव्हतं.

एवढ्यात चहा आला आणि मी विचारलं, ही पेटी चालते तरी कशी? मेस्त्रींनी शेताचं उदाहरण दिलं. तेलात समोरासमोर दोन पंखे, एक फिरला की तेलाच्या जोरानं दुसरा फिरतो. तोच आपला क्लच. पुढं गिअर बदलतात तेही तेलाच्याच दाबानं. पाटाचं पाणी जसं दारं मोडून या वाफ्यातून त्या वाफ्यात सोडतात, तसं तेल छोट्या वाटांनी फिरतं. ती दारं म्हणजे विजेवर चालणारे सोलेनॉइड, आणि कुठलं दार कधी उघडायचं हे ठरवतो गाडीचा संगणक. “आता पाणी वाफ्यात गेलं न्हाई तर वाफा वाईट म्हणाचं, दार वाईट म्हणाचं, का पाणी सोडणारा झोपला म्हणाचं? ते आदी बगाय पायजे.”

तेच त्यांनी बघितलं. डॅशबोर्डखालच्या एका सॉकेटमध्ये तारेचा तुकडा लावला, तशी पट्टीवरचा एक दिवा लुकलुकू लागला. पोरगा बोटांवर मोजत होता, “वंदु, येरडु, मूरु...” वहीत पाहून मेस्त्री म्हणाले, लिव्हर कुठं आहे हे संगणकाला कळत नाही. पण नुसत्या लुकलुकण्यावर त्यांचा भरवसा नव्हता. सोलेनॉइडची जोडणी काढून ते मला शेजारी बसवून रस्त्यावर गेले. अशा पेटीत वीज तोडली तरी तेलाच्या जोरावर लिव्हरनं काही गिअर हातानं मिळतात. ते सगळे मिळाले, कुठंही घसरण नाही. म्हणजे वाफे चांगले. परत येऊन मीटरनं सोलेनॉइड मोजले, तेही ठीक. म्हणजे दारंही चांगली.

मी ऐकलं होतं म्हणून विचारलं, ब्रेक दाबून पूर्ण अॅक्सिलरेटर देऊन पेटीची ताकद तपासतात ना? ते हसले. “ते पाच सेकंदांवर करायचं न्हाई, आणि गरज न्हाई तर करायचंच न्हाई. म्हाताऱ्याला जिना चढवून दम बगतासा काय?”

शेवटी पेटीच्या कुशीला असलेला एक चपटा स्विच त्यांनी काढला. लिव्हर ‘पी’वर आहे, ‘एन’वर की ‘डी’वर, हे तोच संगणकाला सांगतो. पट्टीवरचा दिवाही त्याचंच ऐकतो, आणि ‘पी’ वा ‘एन’ असल्याशिवाय स्टार्टर फिरू देत नाही तोही हाच. उघडला तर आत आमच्या ओढ्याचा गाळ आणि तांब्यावर हिरवा थर. लिव्हर कुठं आहे हेच न कळल्यामुळे संगणक घाबरून एकाच वरच्या गिअरवर अडून बसत होता. चढावर त्या गिअरला ओढ कुठली असणार!

स्विच साफ करून, जोडणीला ग्रीस लावून, ‘एन’च्या खुणेला खूण जुळवून बसवला. घाटात तापलं असेल म्हणून तेल बदललं. खालचं भांडं काढलं तेव्हा चुंबकावर राखाडी लेप होता. तो चालतो म्हणे, चमकणारे तुकडे असते तर काळजी. सगळे मिळून दोन हजारांच्या आत बिल झालं.

प्रत्येकाचं असं स्वस्तात सुटेल, असं मी म्हणणार नाही. मेस्त्रीही म्हणाले, तेल करपलेलं असतं तर पेटी उघडावीच लागली असती, आणि मग मी पण विका म्हटलं असतं. पण उघडणं हे शेवटचं काम. दीड-दोन लाखांचा निकाल देणाऱ्याला विझलेल्या दिव्याचं ऐकायला दोन मिनिटं नव्हती, आणि नेमका रोग त्या दिव्यातच होता. लहानपणी आई मला पाठुंगळी घेऊन कितीतरी डॉक्टरांकडे फिरली. पाय सगळ्यांनी पाहिला, पण तुला चालताना काय होतं, असं विचारणारा एखादाच भेटला. त्याची त्या दिवशी आठवण झाली.

आता गाडीच्या कप्प्यात मी एक छोटी वही ठेवली आहे. काय झालं, कुठल्या चढावर, गाडी किती तापलेली, कुठला दिवा लागला किंवा विझला, ते लगेच लिहून ठेवते. जुनी गाडी बाळगणाऱ्या सगळ्यांनीच अशी वही ठेवावी.

पुढच्या रविवारी मुद्दाम चोर्ल्यापर्यंत जाऊन आले. ‘डी’चा दिवा शेवटपर्यंत लागलेला होता. परतताना माहेरी वळले. ओढ्याला पाणी होतं, म्हणून गाडी अलीकडेच उभी केली आणि हॉर्न दिला. भावानं हात धरून साकवावरून नेलं. आई दारात उभी होती. म्हणाली, “आज गाडी लांब का गं ठेवलीस?”

म्हटलं, “मेस्त्रींनी सांगितलंय.”